मागचा आस

रविवार, १ सप्टेंबर २०२४

तुटला! शेवटी तुटलाच!

डर्बीशायरमधली ती दगडांची चढण. अर्ध्यावर मागून 'टण्ण' असा आवाज आला, आणि मग मी ॲक्सिलरेटर दाबतेय, इंजिन ओरडतंय, आणि आमची ही जुनी गाडी, हत्तीण, जागची हलत नाही. शेजारी ईशानी. म्हणाली, आई, काहीतरी मोठा वाजला. मी म्हटलं, वाजला नाही, वाजलं. गाडी दरीच्या कडेला अडकलेली असतानाही मला लेकीचं व्याकरणच दिसतं. जित्याची खोड!

मागच्या डाव्या चाकाला फिरवणारी आतली दांडी मोडली. हाफशाफ्ट. दुसऱ्यांदा. पुढच्या चाकांकडे ताकद वळवणारा डिफ लॉक लावला आणि नुसत्या पुढच्या चाकांच्या जिवावर फरफटत नॉटिंगहॅमला आलो. मागून येणाऱ्या प्रत्येकाने माझा उद्धार केला असणार. हरीश दारात उभा होता, हातात चहा. स्वतःसाठी केलेला.

मंगळवार, ३ सप्टेंबर

हरीशचं मत: विकून टाक. तीस वर्षांची गाडी आणि त्रेपन्न वर्षांची बायको, दोघींनी आता सपाट रस्त्याने जावं म्हणे. एकीला विकता येत नाही म्हणून दुसरीवर डोळा.

माझं मत: नुसती दांडी बदलून भागायचं नाही. अख्खा मागचा ॲक्सलच काढायचा आणि ह्याच घराण्यातल्या लांब गाडीचा जाडजूड ॲक्सल तिथे बसवायचा. तो म्हणे आयुष्यभर मोडत नाही.

'म्हणे' म्हणजे अनुप म्हणे. धाकटा भाऊ असून त्याला ह्यातलं माझ्यापेक्षा दसपट कळतं. हत्तीण आम्ही दोघांनी मिळूनच घेतली, अकरा वर्षांपूर्वी. एजवेअरहून दर दुसऱ्या शनिवारी यायचा. तो बोल्ट पिळायचा, मी मॅन्युअल वाचायची आणि बडबडायची. "ताई, मागचा बदल, दगा देणार," हे त्याने किती वेळा सांगितलं असेल. मी हसण्यावारी नेलं.

आता तीन वर्षं झाली, आम्ही बोलत नाही.

खरं सांगायचं तर ॲक्सल कुठेही मिळेल. मला तो हवा आहे. हे कुणापुढे म्हणायची नाही मी, म्हणून इथे लिहून टाकलं. झालं.

शनिवार, ७ सप्टेंबर

गणपती. हॉल भरलेला, उकडीचे मोदक जरा जास्तच उकडलेले. अनुप नव्हता. मी दाराकडे बघत नव्हते. (बघत होते.)

तीन वर्षांपूर्वी ह्याच हॉलमध्ये झालं ते. मी निवेदन करत होते, माईक हातात, लोक हसत होते, मग काय, अंगात संचारलं. समोर अनुप दिसला, एकटाच. मी माईकवरून म्हटलं, "काय रे, मालविकाला गॅरेजमध्ये विसरून आलास की काय?" सगळा हॉल हसला. त्याने मोदकाची प्लेट खुर्चीवर ठेवली आणि निघून गेला.

मालविका, त्याची बायको, पंधरा दिवसांपूर्वीच त्याला सोडून गेली होती. मला आठवड्याने कळलं, तेही तिसऱ्याच बाईकडून. मग मी त्याला काय पाठवावं? "सॉरी, माहीत नव्हतं. पण सांगायचं ना!" म्हणजे माफी मागतानाही त्यालाच झापलं. उत्तर आलं नाही. का यावं?

दर भाऊबीजेला फराळाचा डबा पोस्टाने एजवेअरला जातो. परत येत नाही, म्हणजे खात असावा. एवढाच काय तो आमचा पत्रव्यवहार.

शनिवार, १४ सप्टेंबर

ॲक्सल मिळाला!!

लेस्टरच्या पलीकडे एक भंगारवाला आहे. गाड्यांची हाडं चारी बाजूंना, मध्ये हा खुर्ची टाकून बसलेला. विचारतो, नवऱ्यासाठी का? म्हटलं, माझ्या नवऱ्याला स्वयंपाकघरात साखर सापडत नाही.

घ्यायच्या आधी मोजावं लागतं. पुढचा आणि मागचा ॲक्सल एकाच हिशेबाने फिरायला हवेत, नाहीतर पुढची चाकं एक म्हणतात, मागची भलतंच, आणि दोघांच्या भांडणात गिअरबॉक्स मरतो. एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला ईशानी, दोघींनी एकदम चाकाचा एक फेरा द्यायचा आणि मधला फ्लँज, म्हणजे गोल चकती, किती फेरे फिरला ते खडूच्या खुणेवर बघायचं. साडेतीनच्या थोडं पुढे हवं. ईशानी इंग्रजीत मोजत होती, मी मराठीत, भंगारवाला मनात. तिघांचं उत्तर एकच आलं!

भयंकर जड प्रकरण. क्रेनने व्हॅनमध्ये घातलं. घरी उतरवायला शेजारचे दोन गोरे बाप्ये आणि हरीश. हरीशने फक्त "सावकाश, सावकाश" म्हटलं, पण मनापासून म्हटलं.

रविवार, १५ सप्टेंबर

नागपूरला व्हिडिओ कॉल. बाबांना नवीन धूड सगळीकडून दाखवलं. चौऱ्याऐंशी वर्षांचा माणूस, डोळे लहान मुलासारखे. "हा आस आहे, सुचेता! त्या जुन्याला आस म्हणू नये, ती काडी होती."

एसटीच्या वर्कशॉपमध्ये चौतीस वर्षं काढली त्यांनी. तिथे सगळे ॲक्सलच म्हणायचे. पण बाबांच्या तोंडी आजोबांच्या बैलगाडीचा आस बसला तो बसलाच. त्यामुळे आमच्या घरात विमान सोडून सगळ्याला आस असतो. अनुपही तेच म्हणतो. ईशानीही शिकली, फक्त "मागची आस" म्हणते. मी शंभर वेळा सांगितलं, तो आस. शंभर वेळा विसरली. बावीस वर्षांची आहे, लेस्टरला लोकांचे गुडघे बरे करते, पण मराठीतला एक पुल्लिंगी शब्द सरळ करता येत नाही.

फोन ठेवताना बाबा म्हणाले, अनुपला बोलाव. म्हटलं, आवाज कट होतोय बाबा.

शुक्रवार, २० सप्टेंबर

लॅबमध्ये दिवसभर रक्ताच्या नळ्या. डोक्यात गंजलेले बोल्ट.

शनिवार, २१ सप्टेंबर

निघाला! सकाळी आठ ते संध्याकाळी सहा. मी आणि ईशानी. हरीश खुर्ची टाकून उंटावरून शेळ्या हाकत होता.

गंज म्हणजे काय, मिठातच मुरवलेली गाडी! इथे थंडीत रस्त्यांवर मीठ टाकतात, ते सगळं आमच्या हत्तिणीने खाल्लेलं. एका बोल्टने तर तासभर दाद दिली नाही. तेल झालं, ज्योत झाली, हातोडा झाला, शेवटी स्पॅनरला लांब पाइप लावून दोघी लोंबकळलो. 'कर्र' करून सुटला आणि आम्ही दोघी घरापुढच्या ड्राइव्हवर आडव्या. हरीशने टाळ्या वाजवल्या.

सहा वाजता जुना ॲक्सल ट्रॉलीवरून बाहेर आला. आत दांडीचे दोन तुकडे. माझे हात कोपरापर्यंत काळे, म्हणून ईशानीला म्हटलं, नागपूरच्या ग्रुपवर कळव, आस सोडवला म्हणून. बाबा वाट बघत असतील. तिने कळवलं. आंघोळ, वरणभात, आडवी.

रविवार, २२ सप्टेंबर

काय लिहू. क्रमानेच लिहिते.

सकाळी साडेसातला बाबांचा फोन. आवाज असा, की मी ताडकन उठून बसले. "काहून गं, काय झालं? तब्येत बरी आहे ना?" म्हटलं, बरी आहे, का? म्हणे, ग्रुप बघ.

बघितला. ईशानीने लिहिलं होतं: "आईने मागची आस सोडली. खूप वाईट हालत. आता बाबा चहा देतो."

अरे देवा! आस सोडवला म्हणजे ॲक्सल काढला. आस सोडली म्हणजे आशाच संपली! खाली नागपूरच्या काकूंचे हात जोडलेले चार इमोजी, कुणाचा तरी डॉक्टरचा नंबर, आणि मावशीचं "सुचेता, धीर धर". आस सोडलेल्या बाईला नवरा चहा देतोय, ह्यावर मात्र सगळ्यांचा विश्वास बसलेला.

बाबांना समजावलं, पोट धरून हसलो दोघं. ईशानीला उठवून झापलं. "सॉरी आई, मराठी हार्ड आहे." दुरुस्ती लिहायला घेतली, अर्धी लिहून झाली, आणि फोन वाजला. अनुप.

तीन वर्षांनी स्क्रीनवर ते नाव.

ताई म्हणाला. मी हं म्हटलं. ठीक आहेस ना, विचारलं. ठीक आहे म्हटलं. मग तो म्हणाला, "मला वाटायचं, ताई एक ना एक दिवस फोन करील. काल ते वाचलं आणि वाटलं, संपलं. मागची आस म्हणजे मीच ना?"

मी म्हणायला हवं होतं, नाही रे बाबा, ॲक्सल. तोंड उघडलंही. आणि त्यातून निघालं काय? "शनिवारी येतोस का?"

"येतो," म्हणाला.

अर्धी दुरुस्ती पुसून टाकली.

सोमवार, २३ सप्टेंबर

बाबांना सांगितलं, ग्रुपवर कुणी काही सुधारू नका. ते म्हणाले, मी कशाला सुधारतो.

शनिवार, २८ सप्टेंबर

आला. साडेनऊला. केस पिकलेत. त्याचे, म्हणजे माझेही पिकलेच असतील त्याच्या नजरेला. हातात स्वतःची हत्यारांची पेटी. मिठी वगैरे आमच्यात नाही. ईशानीने मारली, दोघांच्या वाटची.

ड्राइव्हवर जुना ॲक्सल पडलेला, त्याच्या शेजारी नवा. अनुपने एकदा ह्याच्याकडे बघितलं, एकदा त्याच्याकडे, मग माझ्याकडे. मी घाईने म्हटलं, चहा? माझ्या तोंडात तीळ भिजत नाही आणि मी इतकी मोठी गोष्ट गिळून उभी होते!

मग काम. किती बरं वाटलं, सांगता येत नाही. तो गाडीखाली, मी मॅन्युअल घेऊन बाहेर. सतराचा दे, एकोणीसचा दे, ब्रेकचा पाइप धर, हलवू नकोस. ईशानी जॅकवर. इंच इंच वर चढवत दुपारी दोनला नवा आस जागेवर बसला. हरीशने कांदेपोहे केले, साखर सापडली त्याला!

आणि मग माझी घोडचूक निघाली. नव्या ॲक्सलचं नाक लांब आहे. गिअरबॉक्सपासून मागे जाणारा जुना प्रॉपशाफ्ट तिथे मावतच नाही. मॅन्युअल मी वाचायची, आणि नेमकं तेच पान मी वाचलं नव्हतं. म्हटलं, आता हसेल. हसला नाही. हात पुसत म्हणाला, माझ्याकडे आखूड आहे एक, पुढच्या शनिवारी आणतो.

म्हणजे पुढच्या शनिवारी येणार! चुका करायला हव्यात अधूनमधून.

रविवार, २९ सप्टेंबर

अंग ठणकतंय. जिना चढताना आई आठवते. छान वाटतंय.

बुधवार, २ ऑक्टोबर

सांगू की नको?

तो आलाय ते एका चुकीच्या वाक्यावर. त्याला वाटतंय, ताईने त्याची आस धरली होती, ती सुटली, म्हणून तो धावत आला. खरं काय? धरली होती, हे खरंच. पण ते वाक्य ॲक्सलचं होतं. सांगितलं तर म्हणेल, म्हणजे तू बोलावलंच नव्हतंस, व्याकरणाने बोलावलं. आणि पेटी उचलून जाईल.

हरीश म्हणतो, कशाला सांगतेस, गाडी चालली ना. ह्या माणसाने जन्मात कुणाशी भांडण केलं नाही, त्याला काय कळणार.

नाही. सांगायचंच. एकदा माहीत नसताना बोलले, आता माहीत असून गप्प बसू?

शनिवार, ५ ऑक्टोबर

लिहायला बसलेय, पण कुठून सुरू करू.

प्रॉपशाफ्ट आणला त्याने, जुन्या टॉवेलात गुंडाळून. गंजाचा ठिपका नाही. मापाला अगदी बरोबर. म्हटलं, इतका नेमका कुठे मिळाला? म्हणाला, घेऊन ठेवला होता. कधी? तर तीन वर्षांपूर्वी, उन्हाळ्यात. ॲक्सल बदलशील कधीतरी, तेव्हा लागेल म्हणून. भाऊबीजेला देणार होता.

मी टॉवेलाची घडी घालत बसले. चार वेळा घातली.

मग तो खाली, बोल्ट लावतोय, आणि मला फक्त त्याचे बूट दिसताहेत. बुटांशी बोलणं सोपं जातं. मी म्हटलं, "अनुप, ते ग्रुपवरचं वाक्य. ईशानीला आस सोडवला लिहायचं होतं. ॲक्सल. तिचं चुकलं. मी तुला तेव्हाच सांगितलं नाही."

बूट हलले नाहीत. मग आतून आवाज आला, कळलं होतं. गेल्या शनिवारी ड्राइव्हवर ती दोन धुडं बघितली, तेव्हाच.

"मग परत गेला नाहीस?"

"शंभर मैल आलो होतो, ताई. आणि चहा म्हणालीस."

मला हसू यायला हवं होतं. रडू आलं. मग मी ते म्हटलं, जे तीन वर्षं घशात होतं. "माझं चुकलं. तेव्हा, माईकवर." एवढंच. पुढे 'पण' लावला नाही. जीभ वळवळली, दाबून धरली.

तो बाहेर सरकला, पाठीवर निजूनच. कपाळाला ग्रीस. म्हणाला, "त्या दिवशी तुलाच सांगायला आलो होतो. कुणाला माहीत नव्हतं. म्हटलं, तुझं निवेदन झालं की बाजूला घेऊन सांगेन."

मी खाली बसले, ड्राइव्हवरच, आणि त्याचा हात धरला. ग्रीसचाच. थोड्या वेळाने तो म्हणाला, ताई, पाऊस येतोय, चार बोल्ट राहिलेत.

रविवार, ६ ऑक्टोबर

ब्रेकमधली हवा काढली. मी पेडलवर, अनुप चाकाशी. दाब. सोड. दाब. सोड. ह्या वेळी रात्री राहिला होता. सकाळी हरीशबरोबर बसून क्रिकेटवर वाद. कानाला इतकं बरं वाटलं!

गुरुवार, १० ऑक्टोबर

विमा कंपनीला बदल कळवला. पलीकडच्या मुलीने तीनदा विचारलं, काम कुणी केलं? तीनदा सांगितलं, मी आणि माझा भाऊ. चौथ्यांदाही आनंदाने सांगितलं असतं.

शनिवार, १२ ऑक्टोबर

दसरा. हत्तिणीला झेंडूचा हार, ईशानीने लेस्टरहून आणलेला. पेटीतली हत्यारं पुसून मांडली, हळदकुंकू वाहिलं, एकोणीसच्या स्पॅनरला जरा जास्तच. अनुप सकाळीच हजर. शेजारच्या गोऱ्यांना पेढे दिले, त्यांनी गाडीचा वाढदिवस समजून हॅपी बर्थडे म्हटलं. तेही खरंच.

मग तिघं निघालो, हार तसाच ठेवून. त्याच चढणीवर! हरीश म्हणाला, मी घरी राहून प्रार्थना करतो.

खाली लो गिअर टाकला. दगड, चिखल, पुन्हा दगड. एका ठिकाणी मागचं डावं चाक खड्ड्यात गेलं, सगळं वजन मागे आलं, आणि मी तो 'टण्ण' ऐकायला कान टवकारले. नाही! काहीच नाही! नुसती गुरगुर, आणि हत्तीण चढली. वरपर्यंत. वर गेल्यावर मी किंचाळले, ईशानी किंचाळली, मेंढ्या पळाल्या. अनुप उतरला, मागे जाऊन वाकून बघितलं, तेलाचा थेंब नाही. मग माझ्या खिडकीशी येऊन म्हणाला, सरक, उतारावर मी चालवतो.

सरकले. त्रेपन्न वर्षांत पहिल्यांदा कुणाला न बोलता जागा दिली असेल मी.

रविवार, १३ ऑक्टोबर

सगळे गेल्यावर ईशानीला घेऊन बसले, वही-पेन्सिल काढून. म्हटलं, एवढा गोंधळ झाला, आता तरी शीक. तो आस, सोडवला. ती आस, सोडली.

तिने वहीकडे बघितलंही नाही. म्हणाली, "मला माहीत आहे, आई. त्या संध्याकाळी आजोबांना फोन करून विचारलं. मी आधी बरोबरच लिहिलं होतं. मग वाटलं, मामा पण वाचतो ना ग्रुप. म्हणून पुसलं, आणि दुसरं लिहिलं. सकाळचं आजोबांचं घाबरणं पण नाटकच होतं."

मी तिचं मराठी सुधारायला बसले होते.